बाळाची सीट कोणत्या दिशेला, हे नियमात लिहा : परिवहन खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली
मा. परिवहन मंत्री आणि मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : मोटारीत दोन वर्षांखालच्या बाळाची सीट मागे तोंड करूनच बसवावी, असा स्पष्ट नियम करण्याबाबत

महोदय,

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि त्यात कलम १९४-ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल सीटबेल्टने किंवा मुलांसाठीच्या खास आसनाने बांधलेलं नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड, असं त्याचं दुसरं उपकलम सांगतं. १ सप्टेंबर २०१९ पासून ते लागू आहे. निदान कायद्याने मुलांकडे पाहिलं, म्हणून मला तेव्हा बरं वाटलं होतं. पण त्या एका वाक्यात तीन दिवसांचं बाळ आणि आठवीतला मुलगा एकत्र बसवले आहेत. तीन दिवसांच्या बाळाला गाडीचा सीटबेल्ट लावताच येत नाही. त्याच्यासाठी सीट हवी. ती कोणत्या वयापर्यंत मागे तोंड करून, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे येईल अशी ठेवायची आणि पुढे कधी फिरवायची, याबद्दल हे कलम काहीच सांगत नाही. इतकी वर्षं वाट पाहून आता हे जाहीरपणे लिहिते आहे.

मी नाशिकमधल्या एका रुग्णालयात प्रसूती आणि नवजात शिशू विभागात परिचारिका आहे. आईला डिस्चार्ज मिळाला की बाळाला खाली गाडीपर्यंत पोचवायला आमच्यातलं कोणीतरी जातं. गाडीच्या दारापाशी मी बाळ पुढे करते तेव्हा आजी, आत्या, मावशी, जी कोणी हात पुढे करते तिला बाजूचे चार जण एकदम सांगतात, "मान धर गं, मान धर!" आणि ती धरते. डाव्या तळव्यावर डोकं, उजव्यावर कंबर, कोपर अंगाशी घट्ट. सगळं घर त्या मानेची काळजी वाहत असतं. मग आई पुढच्या सीटवर बसते, कारण टाके दुखत असतात आणि तिथे पाय लांब करता येतात. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ तिच्या मांडीवर. तिच्या पुढ्यात डॅशबोर्डवर एअरबॅगची अक्षरं कोरलेली. गाडी फाटकातून बाहेर पडते आणि पुढच्या पाच मिनिटांत महामार्गाला लागते.

माझी नात दीड वर्षाची आहे. ती आईबाबांबरोबर पुण्याहून नाशिकला येते, कधी समृद्धी महामार्गाने पुढे आजोळच्या मंडळींकडे जाते. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. तो रस्ता सरकारने बांधला आणि ही मर्यादाही सरकारनेच ठरवली. त्या वेगात बाळ कसं बसवायचं, हे सांगण्याची जबाबदारीही मग सरकारचीच.

आता दिशेचं कारण सांगते. घरोघरी "मागे तोंड म्हणजे नुसती परदेशी फॅशन" हे ऐकून ऐकून मी थकले आहे.

नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाइतकं असतं. मोठ्या माणसाचं साधारण आठव्या हिश्शाइतकं. एवढं मोठं डोकं पेलणारे मानेचे मणके त्या वयात पूर्ण हाडाचे झालेलेच नसतात. बहुतेक मणके तीन-तीन तुकड्यांत असतात, मध्ये कूर्चा. ते तुकडे जुळून मणका एकसंध व्हायला तीन ते सहा-सात वर्षं लागतात. वैद्यकशास्त्राला शवविच्छेदनांवरून जुनंच माहीत असलेलं आणखी एक सत्य आहे, आणि ते लिहिताना माझाही हात थांबतो. नवजात बाळाचा कणा ताणला गेला तर पाच सेंटिमीटरपर्यंत लांबू शकतो, पण त्याच्या आतला मज्जारज्जू अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासच तुटतो. बाहेर खरचटलेलंही दिसत नाही आणि आतला धागा तुटलेला असतो.

ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी समोर आदळून थांबते तेव्हा बसणारा धक्का दहा मीटरवरून, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. गाडी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास थांबते. त्या क्षणी दहा किलोचं बाळ हातांना दीडशे किलो आणि त्याहूनही जड होतं. कोणत्याही आईचे हात ते धरू शकत नाहीत. तिची माया त्यात कमी पडत नाही, माणसाच्या हातांना ते शक्यच नसतं.

बाळ पुढे तोंड करून सीटमध्ये बांधलेलं असेल तर पट्टे खांदे आणि कंबर अडवतात. डोकं अडवायला काही नसतं. ते पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. मागे तोंड असेल तर पाठ, मान आणि डोकं एकदमच सीटच्या पाठीत रुततात. धक्का सगळ्या पाठीवर पसरतो, मान एकटी पडत नाही. आजी तळहाताने जे करते, तेच सीटची पाठ करते. जीवघेण्या धडकांमध्ये समोरून होणाऱ्या धडकांचा वाटा सर्वांत मोठा असतो, म्हणून ही दिशा इतकी महत्त्वाची.

इथे पालकांची एक गफलत होते, आणि ती स्वाभाविक आहे. तीन-चार महिन्यांत बाळ मान धरतं. घरात कौतुक होतं, आम्हीही तपासणीच्या कागदावर तशी नोंद करतो. पुढे ते बसायला लागतं, उभं राहतं, आणि मान आता पक्की झाली असं सगळ्यांना वाटतं. स्नायूंनी डोकं सावरणं वेगळं आणि मणक्यांनी धडक सोसणं वेगळं. पहिलं चौथ्या महिन्यात जमतं, दुसऱ्याला वर्षं लागतात.

हे कळायला जगाला वेळ लागला, पण कळलं. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन या संशोधकाने अमेरिकेच्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांची आसनं पाहिली. उड्डाणाचा जोर पाठीवर झेलता यावा, अशी ती केलेली होती. त्यावरून त्याला बाळाच्या सीटची कल्पना सुचली आणि १९६४ मध्ये व्होल्वोने तशा पहिल्या नमुन्याची चाचणी घेतली. तिथे आज चार वर्षांपर्यंत मूल मागे तोंड करून बसवण्याची रीत आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ मध्ये किमान दोन वर्षांपर्यंत मागे तोंड असावं असं सांगितलं. २०१८ मध्ये वयाची अटही काढली आणि सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे जमेल तितका जास्त काळ मागेच ठेवा असं सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या मुलांच्या सीटसाठीच्या १२९ क्रमांकाच्या नियमावलीत, जी युरोपात वापरतात, २०१३ पासून पंधरा महिन्यांच्या आत पुढे तोंड करायला मुभाच नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१७ पासून दोन वर्षांखालच्या मुलाला मागे तोंड करून बसवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. वजन ४० पौंड किंवा उंची ४० इंच झालेल्या मुलाला तेवढी सूट.

त्या कॅलिफोर्नियात आपली कितीतरी मराठी मुलं संसार करून आहेत. तिथे बाळ रुग्णालयातून घरी नेताना सीटशिवाय गाडी हलवायचा विचारही त्यांच्या मनात येत नाही. सुट्टीत इकडे आली की तीच मंडळी तेच बाळ मांडीवर घेऊन पुढे बसतात. माणसं बदलत नाहीत, बाळावरचं प्रेमही कमी होत नाही. तिथे नियम आहे आणि तो सगळ्यांना माहीत आहे, इतकाच काय तो फरक.

प्रामाणिकपणाने आणखी एक सांगते. "मागे तोंड असलेली सीट पाचपट सुरक्षित" असं जाहिरातींत आणि व्हॉट्सॲपवर फिरत असतं. तो आकडा २००७ च्या एका अमेरिकी अभ्यासातून आला. त्या अभ्यासाच्या आकडेमोडीत दोष निघाले आणि पुढे तो मागे घेतला गेला. म्हणून मी तो वापरत नाही, आपल्या खात्यानेही वापरू नये. बाळाची शरीररचना, धडकेचं विज्ञान आणि स्वीडनचा इतक्या दशकांचा अनुभव, एवढं पुरेसं आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार कायद्याची, ती वर आलीच आहे. तिला एक जोड देते. दुचाकीवरच्या मुलांसाठी आपल्याच मंत्रालयाने १५ फेब्रुवारी २०२२ ला अधिसूचना काढली आणि एक वर्षाने ती लागू झाली. चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. वय, साधन, वेग सगळं लिहिलेलं आहे. म्हणजे बारकाईने नियम लिहिणं आपल्याला जमतं. मोटारीतल्या बाळासाठी ती बारकाई का नाही?

दुसरी तक्रार वजनाची, आणि तिच्यामुळेच हे पत्र लिहायला बसले. जुन्या युरोपीय नियमावलीत, म्हणजे आर-४४ मध्ये, नऊ किलो झालेलं बाळ पुढे तोंड करून बसवायला परवानगी होती. आपल्याकडच्या मुलांच्या सीटसाठीच्या एआयएस-०७२ या मानकातले गटही त्याच धर्तीचे आहेत. बाजारातल्या खोक्यांवर म्हणून सर्रास ९ ते १८ किलोंचं चित्र पुढे तोंड केलेलं असतं. लसीकरणाच्या दिवशी माझ्याकडे एक आई नऊ महिन्यांच्या मुलाला गोवर-रुबेलाची लस द्यायला घेऊन आली. मी त्याला काट्यावर ठेवलं. काटा नऊ किलो दोनशेवर थांबला. गुटगुटीत, मनगटाला वळ्या, बघतच राहावं असं बाळ. ती आनंदाने म्हणाली, "सिस्टर, नऊच्या वर गेला ना? मग काल यांनी गाडीतली सीट पुढे फिरवली ते बरोबरच झालं. दुकानदारानेच सांगितलं होतं, नऊ किलो झालं की फिरवा." मी तिला बाजूला बसवून समजावलं. लगेच फोन करून नवऱ्याला सांगितलं तिने. पण मी जिथे नसते तिथे काय होतं?

विचार करा, या हिशेबाने कोणतं बाळ लवकर पुढे फिरवलं जातं? जे बाळसेदार आहे ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मधल्या मुलग्याचं वजन नवव्या महिन्याच्या सुमाराला नऊ किलोंपर्यंत जातं, मुलीचं वर्षाच्या आसपास. वजन वाढलं म्हणून मणके लवकर जुळत नाहीत, उलट जड डोकं मानेला जास्तच ओढतं. बाळसं धरलेल्या मुलाला त्याच्या बाळशाचीच शिक्षा देणारा हा निकष आहे. वजनाऐवजी वय आणि उंची पाहा. युरोपने तसं केलं, आपल्यालाही अवघड नाही.

तिसरी, एअरबॅगची. २०२२ पासून नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही जागांना एअरबॅग सक्तीची झाली. चांगलं झालं, मोठ्या माणसांचे जीव वाचले. पण ती उघडते डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि मागे तोंड केलेली सीट पुढच्या जागेवर असेल तर थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते. मांडीवर बाळ असेल तर बाळ आई आणि एअरबॅगच्या मध्ये सापडतं. याचं चिन्ह गाडीत सूर्यझडपेवर चिकटवलेलं असतं. ते किती जण वाचतात? गाडीची चावी देताना हार घालतात, पेढे देतात, फोटो काढतात. त्या तासाभरात दोन मिनिटं हे सांगायला कोणी बांधील का नाही?

चौथी तक्रार गाडीच्या सुरक्षेला मिळणाऱ्या ताऱ्यांची. भारत एनकॅप ही गाडी आदळवून तारे देणारी आपली स्वतःची चाचणी ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाली आणि १ ऑक्टोबरपासून सुरू झाली. तिच्यात मुलांच्या सुरक्षेला ४९ गुण आहेत आणि दीड वर्षाच्या व तीन वर्षांच्या मुलाच्या बाहुल्या बसवून गाडी आदळतात. त्याआधी ग्लोबल एनकॅप या परदेशी संस्थेने आपल्याकडच्या ज्या गाड्या तपासल्या, त्यांतल्या कित्येकींमध्ये या दोन्ही बाहुल्या मागे तोंड करून बसवलेल्या होत्या. तीन वर्षांचीसुद्धा. गाडीला तारे मिळाले ते बाहुल्या तशा बसल्या म्हणून. ते तारे पानभर जाहिरातीत येतात. जाहिरात बघून गाडी घेणाऱ्या आईबाबांना मात्र बाहुली कशी बसवली होती ते कोणी सांगत नाही. प्रयोगशाळेत बाहुलीला मिळालेलं संरक्षण रस्त्यावर खऱ्या मुलाला मिळायला नको का?

अंमलबजावणीबद्दल थोडक्यात. नाक्यावर गाडी थांबते, काचेची फिल्म पाहतात, पीयूसी मागतात, चालकाचा पट्टा पाहतात. पुढच्या सीटवर मांडीवरचं बाळ दिसत असूनही कोणी काही बोलत नाही, हे मी गाडीत बसून पाहिलं आहे. त्या हवालदाराला मी दोष देत नाही. त्याला कोणी शिकवलेलं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागच्या सीटच्या पट्ट्याची देशभर चर्चा झाली आणि मुंबईत नोव्हेंबरपासून तो सर्वांना सक्तीचा केला गेला. बाळांसाठीही अशाच एखाद्या मोठ्या बातमीची वाट पाहायची का? २०२२ या एका वर्षात आपल्याच मंत्रालयाच्या अहवालानुसार देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत अठरा वर्षांखालची ९,५२८ होती. सगळी काही मोटारीतली नव्हेत, पायी चालणारी आणि दुचाकीवरची त्यांत आहेतच. पण यातल्या एकाही लेकराच्या घरी "आकडा लहान आहे" असं म्हणायला कोणी जाऊ शकत नाही.

केरळने ऑक्टोबर २०२४ मध्ये धाडस केलं होतं. तिथल्या परिवहन आयुक्तांनी लहान मुलांना सीट सक्तीची असल्याचं जाहीर केलं आणि दंडाची तारीखही सांगितली. ओरड झाली आणि काही दिवसांतच परिवहनमंत्र्यांनी सक्ती करणार नसल्याचं सांगून टाकलं. महाराष्ट्राने त्यातून मागे हटण्याचा धडा घेऊ नये. आधी शिकवा, सीट मिळतील अशी सोय करा आणि मग दंड घ्या, हा धडा घ्यावा.

लोकांच्या अडचणी मला माहीत आहेत. रोज ऐकते. त्यांना उडवून लावून नियम टिकणार नाही.

"पाय दुमडतात हो तिचे." दुमडतात. मुलं जमिनीवरही मांडी घालून, पाय पोटाशी घेऊनच बसतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. माझी नात पाय सीटच्या पाठीला लावून खुशाल गाणी म्हणते. "रडतं, तोंड दिसत नाही त्याचं." हे खरं आहे आणि अवघड आहे. पहिले काही दिवस एक मोठं माणूस मागे शेजारी बसलं की बाळाला सवय होते. "गाडी लहान आहे, पुढची सीट सरकवावी लागते." लहान गाड्यांत खरंच जागा अडते. म्हणून तर गाडी विकणाऱ्याने त्याच गाडीत सीट बसवून दाखवायला हवी, घरी आणल्यावर कळून उपयोग नाही. जुन्या गाड्यांत आयसोफिक्सची, म्हणजे बाळाची सीट थेट गाडीला अडकवायची हुकं नसतात. तिथे सीटबेल्टने बसणारी सीट चालते, पण बेल्ट तेवढा लांब आहे का ते आधी पाहावं लागतं.

आणि पैसा. चांगली सीट काही हजारांना पडते, उत्तम प्रतीची वीस-तीस हजारांवर जाते. दोन-तीन वर्षांत मूल त्यातून मोठं होतं. गाडी हप्त्यावर घेतलेल्या घराला हा खर्च जड आहे, यात शंका नाही. तरीही बारशाला सोन्याची साखळी देणारी आजोळची माणसं मी पाहते. त्यांना कोणी आधी सांगितलं, तर त्यातले कित्येक जण सीट देतील. त्यांना सांगायचं कोणी, हा प्रश्न आहे.

आमच्याकडून घरी जाणारी निम्मी बाळं तर रिक्षाने किंवा दुचाकीवरून जातात. त्यांचा प्रश्न मोठा आहे आणि वेगळ्या पत्राचा आहे. मोटारीबद्दल लिहिते आहे, कारण इथे कायदा आधीच आहे, तो अर्धवट राहिला आहे आणि उपाय दुकानात विकत मिळतो.

तर माझ्या मागण्या अशा.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत दिशा आणि वय लिहा. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत सीट मागे तोंड करूनच. त्यापुढेही सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल तर चार वर्षांपर्यंत तसंच ठेवण्याची स्पष्ट शिफारस. मग पुढे तोंड करून सीटच्या स्वतःच्या पट्ट्यांनी. त्यानंतर गाडीचा बेल्ट खांद्यावरून आणि ओटीपोटाखालून नीट बसेपर्यंत उंचवट्याचं आसन. चालू एअरबॅगसमोर मागे तोंड केलेली सीट आणि पुढच्या जागेवर मांडीवर बाळ, या दोन्ही गोष्टींना नाव घेऊन मनाई.

विक्रीवर लक्ष ठेवा. मानकाचा शिक्का नसलेली सीट दुकानात किंवा ऑनलाइन विकता येऊ नये. खोक्यावर मराठीसह स्थानिक भाषेत ठळक छापलेलं असावं : "दोन वर्षांच्या आत पुढे तोंड करू नका." करही सर्वांत खालच्या टप्प्यात आणावा.

गाडी विकणाऱ्यावर बंधन घाला. नव्या गाडीच्या ताब्याच्या वेळी घरात दोन वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल, तर सीट कशी बसवायची ते प्रत्यक्ष दाखवणं सक्तीचं करा. भारत एनकॅपचे तारे ज्या जाहिरातीत येतील, तिथे बाहुल्या कोणत्या दिशेला बसवल्या होत्या तेही छापलं जावं.

शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत याचा एक प्रश्न प्रत्येकाला यावाच. वाहतूक पोलिसांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्या. पहिलं वर्षभर दिशेसाठी दंड नको, समज द्या आणि पत्रक हातात ठेवा. अपघाताच्या नोंदीत मूल सीटमध्ये होतं का आणि कोणत्या दिशेला, हे लिहिलं जावं आणि दरवर्षी जाहीर व्हावं. विमानतळ आणि महामार्गावर चालणाऱ्या टॅक्सी कंपन्यांनी मागणीनुसार सीट असलेली गाडी द्यावी, इथपासून सुरुवात करता येईल.

शेवटची मागणी माझ्या कामाशी जोडलेली आहे आणि तिला जवळजवळ काहीच खर्च नाही. आरोग्य खात्याशी बोलून ही माहिती माता व बाल संरक्षण कार्डात, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी छापा. नवव्या महिन्याच्या लसीला पालक येतात, आणि नेमके त्याच सुमाराला सीट पुढे फिरवतात. त्या रकान्याशेजारी "सीट अजून मागेच" एवढं लिहा. सोळा ते चोवीस महिन्यांच्या डोसाशेजारी पुन्हा तेच. डिस्चार्जच्या कागदांबरोबर एक पान द्या : नवजात बाळाला सीट साधारण पंचेचाळीस अंशांत कललेली हवी, म्हणजे हनुवटी छातीवर पडून श्वास कोंडत नाही. पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून निघावेत आणि चिमटीत धरता येणार नाहीत इतके घट्ट असावेत. आधी पट्टे लावावेत आणि मग वरून दुपटं घालावं, दुपट्यात गुंडाळून पट्टे लावू नयेत. दीड-दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर घ्यावं. घरी आल्यावर त्याला सीटमध्येच झोपवून ठेवू नये. दिवस पूर्ण न भरता जन्मलेल्या बाळाचा पहिला प्रवास डॉक्टरांना विचारूनच करावा.

हे शिकवायला आम्ही परिचारिका तयार आहोत. जमेल तिथे तोंडी सांगतोच. पण "सिस्टर सांगतात" आणि "सरकारचा नियम आहे" यांत घरातल्या मोठ्यांच्या लेखी फार अंतर असतं. सून सीट मागू शकत नाही, पण कार्डावर छापलेली ओळ सासऱ्यांना दाखवू शकते. तेवढी ओळ आपण द्यावी.

या पत्राला तीन महिन्यांच्या आत, कोणती मागणी मान्य, कोणती नाही आणि का, असं लेखी आणि जाहीर उत्तर मिळावं, अशी विनंती आहे.

आपली,
प्रसूती व नवजात शिशू विभागातील एक परिचारिका
नाशिक

प्रत माहितीसाठी आणि कार्यवाहीसाठी : मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य